तेवीस साड्या, एक गोधडी आणि न विचारलेली वाटणी

पार्श्वभूमी

प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. साड्यांचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा पेच त्यांच्यातूनच निघाला.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि तिची लोखंडी ट्रंक उघडली. भाऊ-वहिनी गावच्या घरात राहतात, थोरली बहीण पुण्यात, धाकटी बेळगावात. ट्रंकेत २३ साड्या निघाल्या: सात नऊवारी (त्यातल्या चार इरकली), नऊ सुती गोल साड्या, पाच सिंथेटिक आणि दोन रेशमी. तळाशी वडिलांची तीन धोतरं आणि एका पिशवीत खणाच्या चोळ्या शिवून उरलेले तुकडे.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. खोलीला ओल येते, साड्यांना कसर लागायला लागली आहे, बोहारणीला देऊन मोकळं होऊ या. शेवटची सहा वर्षं सासूबाईंचं सगळं त्यांनीच केलं होतं, त्यामुळे त्या हे हलक्या मनानं म्हणत नव्हत्या. धाकटीला साड्या अख्ख्या हव्या होत्या. थोरलीच्या डोक्यात गोधडी होती. दोघी बहिणींना एकेक, तीही स्वतःच्या हातानं आणि आखीव चौकटींची नव्हे. मनाला येईल तसं ठिगळ लावत जायचं.

ही कल्पना तिला छायाचित्रांतून मिळाली होती. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागलं आणि जगभर गाजलं. त्यातली एक गोधडी मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामावरच्या कपड्यांतून शिवलेली. थोरलीनं तीच मनात धरली होती. खरं तर इतकं लांब जायची गरज नव्हती. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका अशाच मुक्त ठिगळांच्या गोधड्या शिवतात. आणि थोरलीच्या सख्ख्या आत्यानं आयुष्यभर वाकळा शिवल्या होत्या. पण घरातली वाकळ कला म्हणून पाहायची सवय आपल्याला नसते.

अडचण

मी शिवणकाम शिकवते. थोरली माझ्याकडे आली तेव्हा एक प्रयोग करून बसली होती. रंग आवडेल तशा साड्यांच्या कात्रीनं पट्ट्या कापल्या, घरच्या मशीनवर जोडल्या आणि उशीच्या दुप्पट आकाराचा तुकडा तयार करून धुतला. तुकडा चुरगळलेल्या पापडासारखा झाला. इरकलीच्या पदराचा लाल रंग शेजारच्या पिस्त्यावर उतरला.

दोष मशीनचा नव्हता. जुनं सुती कापड शेकडो वेळा धुऊन मऊ झालेलं असतं. ते तिरपं कापलं गेलं की ताणतं. पॉलिएस्टर ताणत नाही. दोन्ही एका शिवणीत आली की एक कापड दुसऱ्याला ओढतं. इरकलीत तर एकाच साडीत दोन स्वभाव. पारंपरिक इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा. पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांत फासे अडकवून जोडलेले असतात, या पद्धतीला टोप-तेणी म्हणतात. म्हणजे ‘इरकली वापरली’ एवढं सांगून भागत नाही, कुठला भाग वापरला ते सांगावं लागतं.

यापेक्षा अवघड गोष्ट बोलता बोलता समोर आली. आई शेवटची पंधरा वर्षं सिंथेटिकच नेसत होती. हलकी, लवकर वाळणारी, इस्त्री नको. मुलांच्या, नातवंडांच्या आठवणीतली आई होती ती त्या जांभळ्या फुलांच्या पॉलिएस्टरमधली. सुती नऊवारी त्याआधीच्या, मुलांना धूसर आठवणाऱ्या. गोधडीला हवं सुती कापड आणि माणसं शोधत होती पॉलिएस्टर.

तिसरी अडचण जागेची. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये साडेसात फूट बाय पाच फूट कापड जमिनीवर सपाट अंथरायचं कुठे?

समोर असलेले पर्याय

बोहारणीचा पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला, पण तो मांडणं चुकीचं नव्हतं. दोन रेशमी साड्यांपैकी एक घड्यांवर विरली होती, हात लावला की चरे पडत. काही कापड खरोखर संपलेलं असतं आणि तसं म्हणणारं घरात कुणीतरी लागतं.

दुसरा पर्याय: साड्या देऊन गोधडी शिवून घ्यायची. असं काम करणाऱ्या बायका आणि बचतगट बऱ्याच ठिकाणी आहेत. काम सुबक होतं, महिन्याभरात हातात येतं. थोरलीला ते नको होतं. तिला स्वतः बसायचं होतं, आणि माझ्या मते या कामात हे कारण पुरेसं आहे.

तिसरा: वरचा ठिगळांचा थर मशीनवर जोडून घ्यायचा आणि थर एकत्र टाचायचं काम हातानं करायचं. हल्ली बहुतेक जणी हेच करतात. यात एक मेख आहे. वरचा थर एकदा पूर्ण झाला की तो कायमचा ठरतो. खाली चार थर घालून टाचायला बसलं आणि मध्ये फुगा आला, तर तो घालवायला जागाच उरत नाही.

चौथा आत्यांचा: तयार थर करायचाच नाही. खालचे थर अंथरून टाचून घ्यायचे आणि त्यांच्यावर थेट एकेक ठिगळ ठेवत, कडेकडून आत सरकायचं. सिद्दी बायकांची पद्धतही साधारण हीच. ठिगळ लावणं आणि गोधडी शिवणं हे एकच काम असतं, धावदोऱ्याची ओळ दोन्ही साधते. मध्ये फुगा दिसला तर पुढचं ठिगळ तिथे येईपर्यंत कापड सारून घेता येतं, कारण तिथलं वरचं कापड अजून ठरलेलंच नसतं.

मुक्त गोधडीबद्दल गैरसमज असा की त्यात काहीच आधी ठरवायचं नसतं. रंग, आकार, कुठल्या ठिगळाशेजारी कुठलं, हे सगळं सुई हातात घेतल्यावर ठरवावं. कुठलं कापड आत, कुठलं वर, कुठलं बाहेरच, ओळींत अंतर किती आणि खालचा थर कोणता, हे मात्र आधी. थोरलीनं नेमकं उलटं केलं होतं. रंगांचा आराखडा वहीत तयार होता आणि कापड तपासलं नव्हतं.

काय केलं

सुरुवात वर्गवारीनं झाली. प्रत्येक साडी उजेडासमोर धरून दोन अंगठ्यांमध्ये ताणायची. टिकली तर वर, विरळ वाटली तर आत, चर्र झाली तर बाहेर. शंका असेल तिथे कडेचा एक धागा काढून जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ‘सुती’ समजलेल्या नऊ गोल साड्यांपैकी दोन अशाच मिश्र निघाल्या. खळ दिलेल्या साड्या कोमट पाण्यात भिजवून खळ काढली, कारण कसरीला ती आवडते. रंग जातो का हे पाहायला पांढरं ओलं फडकं दाबून ठेवलं. इरकलीचे दोन लाल पदर नापास झाले.

याच सुमारास आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आल्या आणि थोरलीकडेच राहिल्या. डॉक्टरांनी वाकायला आणि सुई धरायला मनाई केलेली, त्यामुळे खुर्चीत बसून सांगणं एवढंच त्यांच्या हाती होतं.

थोरलीनं पट्टी कापायला कात्री घेतली तर आत्या म्हणाल्या, “कात्री ठिव. फाड.”

सुती साडीला कडेला बारीक काप देऊन फाडलं की ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कात्रीनं कितीही जपून कापलं तरी मऊ कापड सरकतं आणि पट्टी तिरपी होते. पहिल्या प्रयोगातला निम्मा गोंधळ त्या तिरपेपणाचा होता. पण आईची साडी टरकन फाडायची? थोरलीनं काप दिला आणि हात तसेच धरून राहिली. शेवटी आत्यांनीच हात पुढे केला, साडी मांडीवर घेतली आणि एका दमात पदरापर्यंत फाडली. “माझी भावजय व्हती ती. तिनंबी तिच्या सासूची अशीच फाडली व्हती, माझ्याम्होरं.” त्यानंतर थोरली स्वतः फाडायला लागली.

थर असे ठरले: सर्वांत खाली सुती गोल साडी. मधोमध दोन तुकडे करून शेजारी शेजारी जोडली की साधारण पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद कापड मिळतं, एकट्याच्या गोधडीला ते भरपूर होतं. त्यावर वडिलांची धोतरं आणि विरळ झालेल्या दोन नऊवारी. अंथरण्यासाठी एका सकाळी सोसायटीचा हॉल मागून घेतला. चारी बाजूंना जड पितळी डबे ठेवून कापड ताणलं आणि वीत-वीतभर अंतरावर कच्च्या दोऱ्यानं थर टाचले. एवढं झालं की पुढचं काम मांडीवर घेऊन करता येतं, जमीन पुन्हा लागत नाही. जागेची अडचण एका सकाळीपुरतीच होती, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ओळींच्या अंतरावर बरीच चर्चा झाली. आत्या म्हणत बोटभर, थोरलीला तीन बोटं पुरेशी वाटत होती. हिशेब मांडला. या आकाराच्या गोधडीला दोन सेंटीमीटर अंतरानं ओळी घातल्या तर साधारण पावणेदोनशे मीटर धावदोरा घालावा लागतो. अंतर दुप्पट केलं तर मेहनत निम्मी. पण आतल्या साड्या विरलेल्या होत्या. अशा कापडाला ओळी लांब पडल्या की दोन-चार धुण्यांत ते आत गोळा होतं. आत साडी नवी असती तर मी तीन बोटांना हो म्हटलं असतं. इथे आत्यांचं बरोबर होतं.

काम कोपऱ्यापासून सुरू झालं. ठिगळ ठेवायचं, त्याची कड सुईच्या टोकानं आत सारायची, अंगठ्यानं दाबून धरायची आणि तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. पुढचं ठिगळ आधीच्याची उघडी कड झाकेल असं सरकवून. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. सगळ्या थरांतून सुई जाते की नाही हे खालच्या हाताच्या बोटाला कळतं, आणि ते बोट पहिल्या आठवड्यात सोलवटतं. दाभण वापरायचा मोह टाळला. त्यानं जुन्या कापडाला भोकं पडतात. लांब, बारीक, मोठ्या नेढ्याची सुई पुरते.

डोळे मिटून आत्या रोज संध्याकाळी गोधडीवरून तळवा फिरवत. “हितं पोट सुटलंय,” म्हणत आणि बोट ठेवत. थोरली तिथल्या बाजूचं ठिगळ थोडं मोठं घेई, खालचं कापड सारून घेई. रंगांबद्दल मात्र आत्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पॉलिएस्टरचा प्रश्न उरला होता. ते बाहेर ठेवावं असं माझं मत होतं. घसरतं, कडेला उसवतं, आणि गोधडीवर चुकून कडक इस्त्री फिरली तर वितळतं. थोरलीनं ऐकलं नाही. त्या जांभळ्या साडीचे तळहाताएवढे तुकडे, चारही कडा दुहेरी दुमडून, मधल्या भागात विखरून लावले. मध्यभागी ताण सर्वांत कमी असतो, ही जागा तिनं विचारपूर्वक निवडली होती. लाल पदरांपैकी एक वगळला. दुसरा तिनं आग्रहानं घेतला, पुन्हा पुन्हा भिजवून, गडद ठिगळांशेजारी. चार कोपऱ्यांना खणाचे त्रिकोणी तुकडे दुमडून लावले.

निष्पत्ती

थोरलीची गोधडी साडेचार महिन्यांत झाली. वजन दोन किलोच्या वर. ओळी आधी वेड्यावाकड्या आणि मध्याकडे जाईतो सरळ होत गेल्या आहेत, शिकणं कुठे झालं ते बोटानं दाखवता येतं. पॉलिएस्टरची ठिगळं टिकली. दोन ठिकाणी कड बाहेर आली, ती पुन्हा दुमडून टाचली. माझा अंदाज इथे जास्त सावध ठरला.

लाल पदरानं मात्र पहिल्याच धुण्यात रंग सोडला. शेजारच्या गडद ठिगळांवर तो दिसला नाही. थर ओले एकमेकांवर असताना तो खाली उतरला आणि फिकट पाठीवर गुलाबी डाग पडला. बाजूला काय लावायचं याचा विचार झाला होता, खाली काय आहे याचा नाही.

धाकटीला गोधडी नकोच होती. ती दोन इरकली अख्ख्या घेऊन गेली आणि नेसते. तिच्या नातवासाठी उरलेल्या सुती तुकड्यांचं दुपटं झालं, दोनच थरांचं, आठवड्याभरात.

दिवाळीला थोरली गोधडी घेऊन गावी गेली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. भाऊ काही बोलला नाही. दोन दिवसांनी वहिनींनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं: धोतरं आबांची होती, त्यातलं एक भावाला ठेवायचं होतं. तिन्ही धोतरं आत शिवली गेली होती, पावणेदोनशे मीटर टाक्यांखाली. साड्यांवर बहिणींचा हक्क म्हणून वाटणीची बोलणी दोघींतच झाली होती. धोतरांना कुणी वाटणीतली वस्तू मानलंच नव्हतं. ती सगळ्यांच्या लेखी ‘आत घालायचं कापड’ होती. उसवायची का, असं थोरलीनं विचारलं. भाऊ नको म्हणाला. विषय तिथे थांबला, मिटला असं मी म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, ट्रंक उघडली त्याच दिवशी प्रत्येक कपडा घरातल्या प्रत्येकापुढे ठेवायला हवा होता, आत जाणारा धरून. यादी बनवायची झाली तर एकच रकाना वाढवायचा: ‘हे कुणाला अख्खं हवंय?’ फाडल्यावर विचारून उपयोग नाही. सुनेलाही विचारायचं. वहिनींना एक साडी हवी होती का, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि बहुधा थोरलीलाही.

रंगाचं म्हणाल तर, जाणारा रंग वापरायचाच असेल तर खालचा थर गडद हवा. मीठ, व्हिनेगर घालून असा रंग पक्का होईल या भरवशावर राहू नये. इथे खाली एखादी काळी चंद्रकळा किंवा गडद निळी नऊवारी आली असती तर डाग कळलाही नसता. दुसरा मार्ग म्हणजे तो पदर गोधडीत न घालता वेगळा चौकटीत बसवायचा, काचेमागे. मी हेच सुचवलं होतं. पण काचेमागचा पदर अंगावर घेता येत नाही, हे तिचं उत्तरही खोटं नव्हतं.

एवढे थर पुण्याच्या थंडीला जास्तच झाले. तीन पुरले असते, शिवायला हलके, धुवायला सोपे आणि एक-दोन धोतरं आपोआप वाचली असती. पहिल्यांदा शिवणाऱ्यानं दुपट्यापासून सुरुवात करावी असं मी आता सगळ्यांना सांगते. आकार लहान असल्यानं अंथरायला हॉल लागत नाही, आणि ओळी सरळ येईपर्यंतचा वेडावाकडा भाग तिथेच उरकतो.

आत्यांना आधी विचारायला हवं होतं, हेही आहेच. त्या ऑपरेशनसाठी आल्या म्हणून जमलं. नाहीतर अलाबामाची छायाचित्रं पाहून झालेली थोरली सख्ख्या आत्याला फोन करायची राहिलीच असती.

उरलेल्या चार सिंथेटिक साड्यांचं अजून काही ठरलेलं नाही. त्यांच्या पट्ट्या वळून पायपुसणी चांगली होतात, टिकतातही, असं मी सुचवून पाहिलं. “आईच्या साडीवर पाय पुसायचे?” तिन्ही भावंडांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा. सध्या वहिनी त्यांतल्या एकीच्या बाजाराच्या पिशव्या शिवत आहेत, मशीनवर, आणि पहिली पिशवी भावानं नेली.